भुकेचं औषध

माझ्या तोंडाला कुणी कधी कुलूप लावू शकलं नाही. नोकरीत असताना मिटिंगमध्ये सगळ्यांत आधी आवाज माझा, आणि घरी पाहुणे आले तर चहा उकळेपर्यंत माझ्या चार गोष्टी सांगून झालेल्या. नवरा म्हणतो, हिच्या पोटात काही राहत नाही. राहतं हो — एक गोष्ट वीस वर्षांच्या वर राहिली आहे. ती त्यांना सांगितली नाही, पाठच्या बहिणीला सांगितली नाही, आणि विहारात पौर्णिमेला डोळे मिटून बसते तेव्हा ती समोर आली की मी डोळे उघडून पंख्याकडं पाहते.

तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही दिसत नाही. मघापासून तीनदा उठले — एकदा गॅस बंद आहे का पाहायला, एकदा पाणी प्यायला, तिसऱ्यांदा कशाला तेच आठवत नाही. यात एक अडीच वर्षांची मुलगी आहे आणि एका औषधाच्या दोन बाटल्या आहेत. ती मुलगी आज नाही. एवढं आधीच लिहून टाकते, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.

मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका होते. सुपरवायझर म्हणा, सगळे तेच म्हणायचे. दोन हजार सालाच्या आसपासचे दिवस. घर बल्लारपूरला, नवरा कागद कारखान्यात, मुलगी निकिता सहा वर्षांची, ती सासूबाईंजवळ. आणि माझी नेमणूक एटापल्लीच्या पुढं, बावीस अंगणवाड्यांवर. एसटी फाट्यापर्यंत, तिथून पुढं पायी, नाहीतर कुणा मास्तराच्या सायकलच्या कॅरियरवर. पंधरा दिवसांनी शनिवारी घरी यायची, सोमवारी पहाटे निघायची. निघताना निकिता झोपलेली असायची — किंवा झोपल्याचं सोंग करायची. मला ते कळायचं.

ज्या गावाची ही गोष्ट, त्याचं नाव मी लिहीत नाही. का? तिथली माणसं ओळखू येतील म्हणून? की मी? दोन्ही असेल.

दर महिन्याला आम्ही मुलांची वजनं घ्यायचो. अंगणवाडीच्या आढ्याला स्प्रिंगचा काटा टांगायचा, काट्याला झोळी, झोळीत मूल. सेविका काटा वाचणार, मी तक्त्यावर ठिपका देणार. ठिपका कुठल्या पट्ट्यात पडला त्यावरून मुलाची श्रेणी ठरायची. आधी सर्वसाधारण, मग एक, दोन, तीन, चार — आकडा मोठा तसं मूल जास्त खंगलेलं. तीन आणि चार म्हणजे धोक्यातली मुलं. त्यांना आहार दुप्पट. डॉक्टरांची गाडी आली की तपासणी त्यांची, दवाखान्यात न्यायचं तर त्यांनाच. दोन श्रेणीच्या मुलाला साधा आहार, आणि गाडीच्या यादीत नाव नाही. हे तेवढं लक्षात ठेवा. मला तर ते झोपेतही पाठ होतं.

त्या साली पेपरांत बालमृत्यूंबद्दल फार छापून येत होतं. पावसाळ्यात वरून समिती येणार असं ठरलं, आणि आमच्या साहेबांचं धाबं दणाणलं. दर मिटिंगला ते प्रत्येक सुपरवायझरचं नाव घेऊन तीन आणि चार श्रेणीचा आकडा वाचायचे. ज्या बाईचा आकडा जास्त तिला उभं करायचे. माझा आकडा सगळ्यांत जास्त होता. मिटिंगच्या दोन दिवस आधीपासून हाताशी असलेल्या कागदाच्या कडा मी कुरतडत बसायची. आणि माझा बदलीचा अर्ज त्याच साहेबांच्या टेबलावर होता — बल्लारपूर, निदान राजुरा, कुठंही, घरून जाता-येता येईल असं. ते एकदा सहज बोलून गेले, आकडा खाली आणा मॅडम, मग शिफारस करायला मला तोंड राहील. त्यांनी औषध पाजा असं सांगितलं नव्हतं. ते डोकं माझं.

औषध माझ्या घरातच होतं. निकिता जेवायची नाही. सासूबाई वाटी घेऊन तिच्यामागं अंगणभर फिरायच्या. शेवटी चंद्रपूरच्या एका बालरोगतज्ज्ञांनी तपासण्या केल्या, काही निघालं नाही, आणि महिनाभरासाठी एक सिरप लिहून दिलं. आठ दिवसांत पोरगी स्वतः ताट घेऊन चुलीपुढं बसायला लागली! दुपारी पेंगायची मात्र. अभ्यासाच्या वहीवर डोकं ठेवून झोपायची, आणि सारखं पाणी मागायची.

पुढची बाटली आणायला मी रशीदभाईंच्या मेडिकलमध्ये गेले. रशीदभाई म्हणजे आमच्या चौकातले जुने दुकानदार. गिऱ्हाईक नसलं की त्यांना शिकवायचा भारी नाद. मी विचारलं, हे कसलं टॉनिक आहे हो, कुठलं व्हिटॅमिन आहे यात? ते हसायलाच लागले.

‘टॉनिक काहेचं बाई? ही तर ॲलर्जीची दवा आहे. खाजेची. भूक लागते तो तिचा साइड इफेक्ट.’

मग त्यांनी काउंटरवर बोटानं रेघा ओढत मला सगळं समजावलं. शरीरात हिस्टामिन नावाचं एक द्रव्य असतं. कातडीत ते खाज आणतं, गांधी उठवतं. नाकात शिंका आणि पाणी. ॲलर्जीच्या गोळ्या त्या हिस्टामिनला त्याच्या जागेवर बसूच देत नाहीत — ते येतं, पण जागा आधीच अडलेली. म्हणून खाज थांबते. पण तेच हिस्टामिन मेंदूतही काम करतं, आणि तिथं त्याचं काम चांगलं असतं: माणसाला जागं ठेवायचं, आणि आता पुरे, पोट भरलं, हेही सांगायचं. जुन्या प्रकारच्या गोळ्या रक्तातून मेंदूत शिरतात. त्यांना काय कळतं, कातडी कुठली आणि मेंदू कुठला? तिथलीही जागा अडवून बसतात. म्हणून सर्दीची गोळी घेतली की डोळे मिटतात. तोंडाला कोरड पडते, कुणाला मलावरोध, म्हाताऱ्यांची लघवी अडते. आणि हे सिरप — सायप्रोहेप्टाडिन, ते नाव त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं — भुकेला आवर घालणारं आणखी एक द्रव्य आहे, त्यालाही अडवतं. पुरे म्हणणारं कुणी उरतच नाही. म्हणून भूक.

मी एका मैत्रिणीच्या मुलांसाठी म्हणून आणखी बाटल्या मागितल्या. त्यांनी हातातली बाटली तशीच धरून ठेवली.

‘डॉक्टरले विचारा पह्यले. आणि एक ध्यानात ठेवा बाई, हे भूक देते, ताकद नाई देत. ताकद खान्यात आहे. घरात खायले असन तरच द्यायचं. आणि बंद केलं का भूक बसते.’

मी मान हलवली. हो हो, डॉक्टरांनीच सांगितलंय म्हटलं. बाटल्या पिशवीत टाकल्या.

म्हणजे पाहा — मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही. मला जितकं समजावून सांगितलं होतं, तितकं त्या सबंध तालुक्यात क्वचितच कुणाला माहीत असेल.

आता सोमी. तिची आई जानो, माडिया. बाप बांबूकटाईला जायचा, महिना महिना यायचा नाही. झोळीत बसवलं की बाकीची पोरं रडून गाव गोळा करायची. सोमी मात्र झोळीच्या कडेवरून माझ्या हातातल्या घड्याळाकडं पाहत राहायची, आणि जवळ गेलं की ते धरायला हात पुढं करायची. वजन सात किलो चारशे. श्रेणी तीन.

मी तिलाच का निवडलं? इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आले, पोर डोळ्यांत भरली, दया आली. खोटं आहे. त्याच गावात तिच्याहून खंगलेली दोन मुलं होती. सोमी तीनच्या पट्ट्यात होती, पण अगदी वरच्या रेघेला टेकलेली. थोडं वजन वाढलं की दोनमध्ये जाणार. म्हणून ती. माझ्या बावीस गावांतून मी अशी चार मुलं वेचून काढली, रेघेजवळची. खालच्या मुलांवर औषध वाया गेलं असतं — हे शब्द मी तेव्हा मनात म्हटलेत, आठवतात मला.

सेविका कमलबाई गावातलीच, गोंड, माडिया आणि मराठी दोन्ही भाषा येणारी. तिला सांगितलं, वरून आलंय, ताकदीचं औषध आहे, नोंद करायची गरज नाही. तिनं ते जानोला तिच्या भाषेत सांगितलं. जानोनं बाटली दोन्ही हातांनी घेतली.

मे महिना होता. तेंदूपत्त्याच्या हंगामात घरांत तांदूळ असतो, आणि सोमीला अंगणवाडीतून दुप्पट आहारही होता. पोर खायला लागली. खायची आणि झोपायची. जानोनं कमलबाईमार्फत विचारलंही, एवढी का झोपते? मी म्हटलं, पोट भरलेलं मूल झोपतंच. किती सहज म्हटलं! निकिता वहीवर झोपायची ते मी पाहिलेलं होतं.

जूनच्या वजनाला काटा आठच्या वर गेला. कमलबाईनं टाळी वाजवली. मी ठिपका दिला — दोनच्या पट्ट्यात — आणि दुप्पट आहाराच्या यादीतून सोमीचं नाव स्वतःच्या हातानं कापलं. नियमच तसा होता. मूल सुधारलं की जास्तीचा वाटा बंद. माझ्या मनात ते आलं नव्हतं का? आलं होतं. पण मिटिंग चार दिवसांवर होती. मिटिंगमध्ये साहेबांनी माझा आकडा वाचला आणि मला उभं केलं नाही. त्या दिवशी मी चहाबरोबर दोन समोसे खाल्ले, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी गोड लागलं.

इथं थांबायला हवं होतं. पण समिती येईपर्यंत वजन टिकायला नको? म्हणून मी जानोला दुसरी बाटली दिली.

पाऊस लागला, नाले भरले, मी जुलै अखेरपर्यंत त्या गावात गेलेच नाही, त्या महिन्याची वजनंही राहून गेली. गेले तेव्हा कमलबाई म्हणाली, सोमी दिवसभर अंगणवाडीच्या दारात बसते. आपला वाटा संपवून दुसऱ्या पोरांच्या ताटल्या चाटते. घरी तांदूळ संपत आलेत, जानो जावा — तांदळाची पातळ पेज — करते आणि स्वतःच्या वाट्याची पण पोरीला पाजते, आपण रानातले वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, उकडून खाते. तरी पोर रडते. ‘असी भूक मी कोन्या लेकराची पाह्यली नाई बाई,’ कमलबाई म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक नव्हतं.

त्या घरात खायला नव्हतं, आणि मी तिथं भूक पाठवली होती. अर्धा अर्धा चमचा, सकाळ-संध्याकाळ. रशीदभाईंचं बोट मला काउंटरवर दिसत होतं. मी काय केलं? भूक लागणं चांगलं लक्षण आहे, असं म्हणून मी पुढच्या गावाला निघाले. बाटली परत घ्या असंही नाही, दुप्पट आहार सुरू करा असंही नाही. दुप्पट आहार सुरू करायचा तर पुन्हा वजन करावं लागलं असतं, आणि मला काटा पाहायचा नव्हता.

ऑगस्टमध्ये बाटली संपली. भूक बसली — जसं सांगितलं होतं तसं. कमलबाईनं वजन केलं आणि मला फाट्यावर भेटायला आली, गुडघाभर चिखलातून. सोमी सात किलो एकशे. आधी होती त्याच्याहून खाली. मी तिला म्हटलं, काटा भिजला असेल. पावसात स्प्रिंग नीट चालत नाही. मागचंच वजन लिहा, पुढच्या महिन्यात पाहू.

‘बाई, डोयानं दिसून राह्यलं ना,’ ती म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं, मागचं लिहा. ती माझ्या हाताखालची होती. तिनं लिहिलं.

आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांची गाडी नाला ओलांडून गावात आली. अंगणवाडीपुढं गाडी उभी, यादी माझ्या हातात, पेन माझ्या हातात. तीन आणि चारची मुलं रांगेत. कमलबाईनं मला न विचारता जानोलाही बोलावलं होतं. ती मुलीला कडेवर घेऊन गाडीपासून दहा पावलांवर उभी होती, पुढं यायला धजत नव्हती. कमलबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, सोमीचं नाव घाला. फक्त नाव लिहायचं होतं. यादीत खाली जागा होती, तीन ओळी कोऱ्या होत्या. मी पेन टेकवलंसुद्धा.

मग मला दिसलं — डॉक्टर तिचं वजन करणार, तक्ता मागणार, तक्त्यावर आठ आणि काट्यावर सात. विचारणार, हे कसं? जानोला विचारणार, काय खाऊ घालते? आणि जानो बाटलीचं नाव घेणार. माझी बदली, माझी नोकरी, साहेबांचं तोंड — सगळं एका क्षणात. मी पेन उचललं.

जानोजवळ गेले. म्हटलं, तुमची मुलगी दोनमध्ये आहे, बरी आहे ती, ही गाडी जास्त आजारी मुलांची आहे. हसून म्हटलं मी. सोमीचं अंग जरा कढत होतं, माझा हात लागला तिला. तिची जीभ कोरडी होती. घड्याळाकडं तिनं पाहिलं नाही. डोळे अर्धे मिटलेले, आणि बाटली तर संपलेली होती, तेव्हा ती झोप औषधाची नव्हती — हेही मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

जानो परत गेली. तिला वाटलं बाई म्हणते तर बरंच असेल.

नऊ दिवसांनी सोमी गेली. ताप आणि हगवण. त्या पावसात आणखीही मुलं गेली, ज्यांनी माझं औषध कधी पाहिलं नव्हतं. आणि बाकीच्या ज्या तिघांना ते मी दिलं होतं त्यांना काही झालं नाही. त्यांच्या घरी खायला होतं. या दोन गोष्टी मी किती वेळा मनात घोळवल्या असतील! एखादा डॉक्टर म्हणेलही की बाई, औषधानं नाही मेली ती. नसेल. पण दुप्पट आहार तिचा मी काढला, गाडी तिची मी नाकारली, आणि दोन्ही ज्या आकड्याच्या आधारावर केलं तो आकडा मी पाजून तयार केला होता.

समिती आली. डांबरी रस्त्यावरची दोन गावं पाहून, जेवून गेली. पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली, बल्लारपूरपासून तासाभरावर. निकितानं माझ्या गळ्यात हात टाकले. मी त्या दिवशी जेवले नाही, पित्त झालंय म्हटलं.

काही वर्षांनी एकदा घरात कुणी नसताना मी तेच सिरप आणून प्यायले. सोमीला काय झालं असेल ते पाहायला — वेडेपणाच म्हणा. अंग जड झालं, तोंडाला कोरड पडली, दुपारभर गुंगीत पडून राहिले. दोन-तीन दिवस घेत राहिले तसं पोटात काहीतरी मागत राहायला लागलं, जेवून उठल्यावरही. मी उठले, डब्यातून पोळ्या काढल्या, गूळ काढला, उभ्यानं खाल्लं. माझ्या घरात डबा होता. उरलेलं सिरप मोरीत ओतलं आणि नळ सोडून ठेवला, पाणी किती वेळ वाहत होतं कोण जाणे.

तुम्हाला वाटेल, झालं सांगून. नाही झालं. जे सांगायला बसले ते अजून आलंच नाही. इतका वेळ मी त्याच्याभोवतीच फिरते आहे.

मूल गेलं की एक फॉर्म भरावा लागायचा. घरी जाऊन, आईला विचारून. सोमी गेल्यावर पाचव्या दिवशी मी गेले. कमलबाई बरोबर होती. जानो ओट्यावर बसली होती, तिनं उठून माझ्यासाठी बाज ओढली, पाणी दिलं. रडत नव्हती. मी फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि विचारत गेले — ताप कधी आला, किती दिवस, उपचाराला गावच्या पुजाऱ्याकडं नेलं का. ती कमलबाईशी तिच्या भाषेत बोलत होती. मग एकदम माझ्याकडं वळून, बाजारात शिकलेल्या मराठीत, थेट मला म्हणाली,

‘बाई, सोमीले लय भूक लागे. पह्यले अशी नाई मांगे. मांगे अन् मांगता मांगता झोपी जाय. माह्यापाशी नव्हतं. मीच कमी पडली.’

एक वाक्य पुरलं असतं. ती भूक तिची नव्हती जानो, ती मी दिली होती. कमलबाईनं मागे वळून पाहिलं, माझ्याकडं. तिनं सगळं जोडलं होतं की नाही, मला आजवर माहीत नाही. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती, आणि तेव्हा तर मी कुठलं औषध घेतलेलं नव्हतं.

मी काय बोलले ते ऐका. मी जानोच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, ‘झालं ते झालं. आता पुढचं लेकरू होईल त्याला तरी नीट खायला घाला.’

ती म्हणाली, ‘हो बाई.’

मग मी फॉर्म पुरा केला. मृत्यूचं कारण: ताप व हगवण. त्याखाली एक रकाना होता, इतर कारणं. तो कोरा सोडला असता तरी चाललं असतं, कितीतरी फॉर्मांवर तो कोराच असायचा. मी त्यात लिहिलं — आईचे मुलाच्या आहाराकडे दुर्लक्ष. का लिहिलं? कुणी पुढं तक्ता काढून विचारलंच, तर उत्तर आधीच तयार असावं म्हणून. जानोचा अंगठा शाईत बुडवून मी त्याखाली टेकवला. तिला वाचता येत नव्हतं. काय लिहिलंय ते तिनं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

आज सांगितलं. तेही तिला नाही.